कॅमेऱ्यापुढे अवघडलेला माणूस

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखाद्या विषयावर बोलू. आम्ही विषय कळविला, ‘फोटो’. चिटणीस क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मोर्चाचे का?” आम्ही म्हणालो, “नाही, चेहऱ्यांचे.” त्यांनी विषय लिहून घेतला खरा, परंतु त्यांच्या मुद्रेवर असे दिसले की, तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर ओरडून या गृहस्थांना आता विश्रांतीची गरज लागली आहे. त्यांचा हा समज दूर व्हावा म्हणून प्रथम एक हकिगत सांगतो.

एका कारखान्यात कंत्राटी कामगारांचे पास नव्याने करावयाचे होते. ठेकेदाराने सायकली ठेवण्याच्या जागेतील भिंतीवर एक पांढरी चादर ठोकली, पुढे स्टूल ठेवले आणि एका फोटोवाल्याला उभे केले. आम्ही शेजारी यादी तपासत होतो. रांग लांब होती, रांगेत थट्टामस्करी चालली होती. पण ज्याची पाळी येई तो स्टुलावर बसताच निराळा माणूस होई. एकाने शर्टाचे गळ्याजवळचे बटण लावले. ते बटण त्याने लग्नानंतर कधी लावले नसावे. एक फिटर होता, साहेबांशी बेधडक भांडणारा. त्याला हात कोठे ठेवावेत हेच कळेना. फोटो खांद्यांपर्यंतचाच येणार होता, तरीही त्याने हात दोनदा मांडीवर ठेवले, एकदा पाठीमागे नेले आणि अखेर स्टुलाच्या कडा घट्ट धरून बसला. एक नवा पोरगा हसला. फोटोवाला म्हणाला, “हसू नको, पासाला हसलेला चालत नाही.” पोरगा घाबरला, आणि तसा घाबरलेलाच पासावर आला. पुढे तीन वर्षे तो रोज सकाळी आपला घाबरलेला चेहरा पहारेकऱ्याला दाखवून आत जात असे.

त्या दिवशी आमच्या मनात एक प्रश्न आला. ज्या माणसाला यंत्राची भीती वाटत नाही, मालकाची वाटत नाही, त्याला त्या एवढ्याशा भिंगाची भीती का वाटावी? पासाचा फोटो म्हणजे उद्या आत घेणार की नाही याचा निकाल, हे एक कारण झाले. पण लग्नाच्या फोटोतही हेच होते, आणि तेथे तर कोणी कामावरून काढणार नसतो. आपण रोज दहा जणांच्या नजरेस पडतो, त्याचे काही वाटत नाही. कारण समोरचा पाहतो तसे आपणही त्याला पाहत असतो. कॅमेऱ्याकडे पाहिले तर तेथून कोणी उलट पाहत नाही. आपण कसे दिसतो हे आपल्याला कळत नाही आणि दिसणे तर चालूच असते. या अवस्थेला मराठीत एक फार चांगला शब्द आहे: अवघडणे. एका अंगावर निजलेला माणूस अवघडतो, परक्या घरी जेवावयास बसलेला माणूस अवघडतो, आणि दिवस भरत आलेली बाईही अवघडलेली असते. शरीराचे आणि मनाचे असे एकच नाव फार थोड्या अवस्थांना मिळाले आहे.

फोटो स्टुडिओचा सारा धंदा हे अवघडलेपण पुसून टाकण्याचा. मान थोडी तिरपी करा, हनुवटी वर घ्या, मागे रंगविलेला पडदा, बाजूला फुलदाणी, आणि जुन्या काळी कोट नसेल तर स्टुडिओचाच एक कोट. आम्ही त्याची थट्टा करणार नाही. आमच्या वडिलांचा एकुलता एक फोटो तसल्याच परक्या कोटातला आहे, आणि त्यात ते मिल-मजूर न दिसता मामलेदार दिसतात, याचा आमच्या आईला शेवटपर्यंत अभिमान होता. आपण कसे असावे असे आपल्याला वाटते, तेही माणसाचे एक सत्यच आहे. पण जगात असेही काही छायाचित्रकार होऊन गेले, आणि आजही आहेत, की ज्यांनी ते अवघडलेपण पुसण्याऐवजी तेथेच थांबून त्याच्याकडे पाहिले. त्यांच्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. आम्ही नववीत शाळा सोडली. ही चित्रे आम्ही पाहिली ती नगर वाचनालयातील जाडजूड पुस्तकांत, जी घरी नेऊ देत नाहीत. आणि रविवारी सकाळी वाचनालयात बसणाऱ्याला पंख्याखालची जागा मिळते, हाही त्या अभ्यासातला एक भाग होता.

पहिला मान ऑगस्ट झांडर या जर्मन माणसाचा. जन्म १८७६ चा, बाप खाणीतला सुतार, आणि स्वतः झांडरही पोरवयात खाणीवर राबलेला. तेथेच एका फोटोवाल्याचे सामान वाहताना त्याला या विद्येचा नाद लागला. आपल्या काळातील सर्व थरांतील माणसांची चित्रे घ्यावयाची असा संकल्प त्याने केला आणि १९२९ साली त्यांतील साठ चित्रांचे एक पुस्तक काढले. शेतकरी, वकील, आचारी, बँकवाला, सर्वांना त्याने सारख्याच गांभीर्याने उभे केले. विटा वाहणाऱ्या एका मजुराचे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. खांद्यावर विटांचा ढीग, आणि मुद्रा एखाद्या सेनापतीसारखी. ओझे त्याच्या अंगावर आहे पण तो ओझ्याखाली नाही. त्याच सुमारास, १९२८ साली, झांडरने कोलोन शहरात एका बेकाराचेही चित्र घेतले. तो रस्त्याच्या कोपऱ्यावर भिंतीशी उभा आहे, टोपी हातात आहे. त्याच्यापाशी ना विटा, ना हत्यार. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. माणूस काम करीत असतो तेव्हा हात कोठे ठेवावेत हा प्रश्न त्याला पडत नाही. काम गेले की पहिली अडचण हातांची होते. आम्ही टाळेबंदीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर उभी असलेली माणसे पाहिली आहेत, म्हणून हे सांगतो. १९३६ साली नाझी राजवटीने झांडरच्या पुस्तकाचे ठसे नष्ट केले. जर्मन माणूस म्हणून त्यांना जो दाखवावयाचा होता, तो झांडरच्या रांगेत त्यांना सापडला नाही. झांडरचा थोरला मुलगा डाव्या चळवळीतला. तो १९३४ पासून तुरुंगात होता आणि १९४४ मध्ये तुरुंगातच मेला.

आता अमेरिकेकडे येऊ. येथे आम्हांस थोडे थांबावे लागेल, कारण आमचा स्वतःचा एक गुन्हा या हकिगतीशी गुंतलेला आहे.

डोरोथिया लँग ही बाई १८९५ साली न्यू जर्सी राज्यात जन्मली. सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. तिच्या बारा वर्षांच्या वयात बाप घर सोडून गेला. पुढे तिने सॅन फ्रान्सिस्कोत स्टुडिओ काढला आणि श्रीमंत घराण्यांची चित्रे काढून ती चांगली स्थिरावली. १९२९ नंतर मंदी आली. स्टुडिओच्या खिडकीतून खाली रस्त्यावर बेकारांचे तांडे दिसू लागले, तेव्हा ती कॅमेरा घेऊन खाली उतरली. फुकट अन्नाच्या रांगेत सर्वांकडे पाठ फिरवून, हातात रिकामा डबा धरून कठड्याला टेकलेल्या एका म्हाताऱ्याचे तिने घेतलेले चित्र त्याच काळातले. लंगडी बाई समोर आली म्हणजे दुःखी माणसे तिला परकी मानीत नाहीत, असा तिचा अनुभव होता. आपल्या पायाने आपल्याला घडविले, शिकविले आणि अपमानितही केले, अशा अर्थाचे ती बोलत असे. १९३५ पासून ती सरकारच्या नोकरीत शिरली. खेड्यांची दुर्दशा चित्रांतून देशाला दाखवावयाची, असे ते काम होते.

१९३६ च्या आरंभी, महिनाभराची फिरती संपवून, पावसात एकटी मोटार हाकीत ती घराकडे निघाली होती. कॅलिफोर्नियात निपोमो या गावाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला दिसली. थांबावयाचे नाही असे ठरवून ती पुढे गेली. वीस मैल गेल्यावर मन आवरेना तेव्हा गाडी वळवून परत आली. पीक गारठून गेले होते, काम नव्हते, माणसे अडकून पडली होती. एका फाटक्या तंबूत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. लँगने तिचे जवळ जवळ जात काही फोटो घेतले. त्यांतील शेवटचे जगप्रसिद्ध आहे: दोन मुले आईच्या खांद्यांवर मान टाकून, तोंडे फिरवून उभी, मांडीवर तान्हे, आणि आईचा उजवा हात हनुवटीशी, नजर कोठेतरी पलीकडे. ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. आम्ही त्या चित्राकडे पुष्कळ वेळ पाहिले आहे. आमचे मत असे की, त्यातले सारे बळ त्या बोटांत आहे. ती बोटे गालाला आधार देत नाहीत, नुसती टेकलेली आहेत. जणू हनुवटी आहे ना जागेवर, एवढे पाहण्यासाठी.

चित्रे मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आली आणि सरकारने त्या तळावर २०,००० पौंड अन्न धाडले. चित्राने भाकरी आणली, असे याहून स्पष्ट उदाहरण नसेल. पण अन्न पोहोचले तेव्हा ती बाई आणि तिची मुले तळ सोडून पुढे गेली होती.

लँगने तिचे नाव विचारले नव्हते. वय बत्तीस, मुले सात, एवढेच टिपून घेतले. गाडीचे टायर नुकतेच विकून अन्न घेतले आहे, असेही लिहिले. टायर आम्ही विकलेच नव्हते, असे त्या कुटुंबाने पुढे सांगितले. बेचाळीस वर्षांनी, १९७८ साली, एका बातमीदाराने त्या बाईला शोधून काढले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन तिचे नाव, जन्म १९०३ चा, चेरोकी जमातीची. ती रागावलेली होती. तो फोटो घेतला नसता तर बरे झाले असते, त्यातून आपल्याला एक छदाम मिळाला नाही, बाईने नाव विचारले नाही, फोटो विकणार नाही म्हणाली होती, एक प्रत पाठवीन म्हणाली होती आणि कधी पाठविली नाही, अशी तिची तक्रार होती. लँगच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, चित्र सरकारी मालकीचे असल्यामुळे तिलाही त्याच्या विक्रीचा पैसा मिळाला नाही. आणि ती १९६५ मध्येच वारली होती, त्यामुळे उत्तर द्यावयास ती नव्हती. १९८३ साली थॉम्पसनबाई आजारी पडल्या. मुलांनी मदतीची हाक दिली तेव्हा त्या जुन्या चित्राच्या ओळखीवर देशभरातून ३०,००० डॉलरांहून अधिक रक्कम जमली. लोकांच्या पत्रांतून मुलांना कळले की, आपण ज्या चित्राची लाज बाळगली त्यात लोकांनी आपल्या आईचे धैर्य पाहिले होते. त्याच वर्षी त्या वारल्या.

आता आमचा गुन्हा. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली एका कंत्राटी कामगाराची तीन बोटे गेली. प्रेसला संरक्षक जाळी नव्हती. होती ती उत्पादन वाढावे म्हणून काढून ठेवलेली. आम्ही दवाखान्यात गेलो तो फोटोवाल्याला घेऊनच. तो खाटेवर बसला होता, हाताला पट्टी बांधलेली, आणि आम्हांला पाहताच त्याला रडू कोसळले. फोटोवाल्याने तेवढ्यात काम केले. आम्ही त्या चित्राचे भिंतीपत्रक काढले, हात आणि चेहरा दोन्ही त्यात होते. शहरभर लागले, सभेला कधी नव्हे एवढी गर्दी झाली, महिन्याभरात प्रत्येक प्रेसला जाळी बसली आणि नुकसानभरपाईही मिळाली. संघटनेच्या अहवालात आम्ही तो लढा मोठ्या अक्षरांत लिहिला.

मग एके दिवशी त्याची बायको कचेरीत आली. बसा म्हटले तरी बसली नाही. म्हणाली, “भाऊ, हाताचा फोटो लावला ते समजलं. तो हात सगळ्यांनी बघायलाच पाहिजे होता. पण त्यांचं रडणं कशाला लावलं भिंतीवर? ते घरात कधी रडले नाहीत. पोरीनं शाळेतून येताना बघितलं.” आम्ही जाळ्यांचे सांगितले, भरपाईचे सांगितले. ती म्हणाली, “ते झालंच हो. पण विचारायचं तरी.” आणि गेली. पुढे आम्हांला कळले की, तो माणूस पोस्टाच्या भिंतीवरचे पत्रक फाटून जाईपर्यंत त्या रस्त्याने जात नव्हता, मागच्या गल्लीने जात होता.

आम्ही स्वतःची बाजू पुष्कळदा मांडून पाहिली आहे. विचारले असते तर तो नाही म्हणाला असता काय? कदाचित हो म्हणाला असता. त्या वेळी तो आम्हांला कशालाच नाही म्हणू शकला नसता, आणि हीच तर खरी अडचण आहे. ज्याचे सारे आपल्या हातात आहे त्याची संमती घेणे म्हणजे ठेकेदाराने कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्यासारखे. तेव्हा नुसते विचारणे पुरे नाही. मग काय पुरे आहे? या प्रश्नाचा विचार करीत असताना रिनेके डाइकस्ट्रा या डच बाईंची चित्रे आमच्या पाहण्यात आली.

या बाई १९५९ साली जन्मल्या. ॲम्स्टरडॅममध्ये शिकल्या आणि काही वर्षे वर्तमानपत्रे व कंपन्या यांच्यासाठी नामवंतांचे फोटो काढीत होत्या. त्यांना एका गोष्टीचा कंटाळा आला: मोठी माणसे आपला फोटोचा चेहरा घरून तयार करूनच आणीत. १९९० साली सायकलच्या अपघातात त्यांचे माकडहाड नव्हे, खुब्याचे हाड मोडले. बरे होण्यासाठी डॉक्टरांनी पोहावयास सांगितले. १९९१ च्या जून महिन्यात एके दिवशी तीस फेऱ्या पोहून त्या बाहेर आल्या आणि तशाच ओल्या अंगाने, स्नानगृहाच्या फरशांपुढे उभे राहून त्यांनी स्वतःचा फोटो घेतला. डोळ्यांभोवती चष्म्याचे वळ, खांदे पडलेले. आव आणण्याइतकी शक्तीच उरली नव्हती. म्हणजे दुसऱ्याला उघडे पाडण्याआधी त्या स्वतः तेथे उभ्या राहून आल्या. संघटनेच्या भाषेत सांगावयाचे तर, उपोषणाला पहिल्यांदा पुढारी बसला.

नंतर १९९२ पासून त्यांनी समुद्रकाठची चित्रे घेतली. अमेरिका, पोलंड, युक्रेन, बेल्जियम, इंग्लंड, क्रोएशिया. दहा-बारा ते अठरा-वीस वयाची मुले-मुली, पोहण्याच्या कपड्यांत, मागे नुसते पाणी आणि आकाश. पोलंडमधील एक मुलगी फिक्या हिरव्या कपड्यात अशी उभी आहे की, एका पायावर भार, हात लोंबते, मान किंचित कललेली. लोकांना त्यात बॉतिचेल्लीची शिंपल्यातून निघालेली व्हीनस दिसली; त्या पोरीला याची काय कल्पना! उलट अमेरिकेतील नारिंगी कपड्यातल्या मुलीने केस नीट केले आहेत, चेहऱ्याला रंग लावला आहे, आणि तरी वाऱ्याने उडणारे केस आवरताना तिची धांदल झाली आहे. एकीला कसे दिसावे हे ठाऊक नाही. दुसरीला फार ठाऊक आहे आणि ते जमेल की नाही याची धास्ती आहे. आम्हांला दुसरीची अधिक कीव येते. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि घरोघरी हीच धास्ती वाढते आहे, हे आमची पुतणी आरशापुढे किती वेळ असते यावरून आम्ही जाणतो.

हे साधते कसे, ते पाहण्यासारखे आहे. बाईंचा कॅमेरा मोठा, तिपाईवर ठेवण्याचा, चार इंच रुंद व पाच इंच लांब फिल्मचा. असला कॅमेरा चालवावयाचा म्हणजे छायाचित्रकाराने आधी काळ्या कापडाखाली शिरून मागच्या दुधी काचेवर उलटी प्रतिमा पाहावयाची, भिंग पुढेमागे करून ती स्पष्ट करावयाची, मग भिंग मिटून फिल्मची पेटी आत सरकवावयाची. पेटी बसली की काच झाकली जाते. आता छायाचित्रकाराला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. तो बाहेर येतो आणि कॅमेऱ्याशेजारी उभा राहून आपल्या साध्या डोळ्यांनी समोरच्याकडे पाहतो. फार हालले तर चित्र अस्पष्ट होणार म्हणून समोरच्याला स्थिर राहावे लागते. या साऱ्याला वेळ लागतो. पहिल्या मिनिटाला माणूस जो चेहरा घालतो तो पाचव्या मिनिटापर्यंत टिकत नाही. धरून धरून गळून पडतो. खिशातल्या कॅमेऱ्याने क्षणात चित्र घेतले तर तो घातलेलाच चेहरा येतो, किंवा चोरून घेतले तर माणसाच्या नकळत येतो. येथे तिसरे काही घडते: माणसाला ठाऊक आहे की आपले चित्र निघत आहे, तो त्यासाठी उभा राहिला आहे, आणि तरीही आपल्यावरचा ताबा त्याच्या हातून थोडासा सुटला आहे. शिवाय बाई कॅमेरा खाली ठेवीत; त्यामुळे क्षितिज पायांच्या बाजूला उतरे आणि ते किडकिडे पोर आकाशात पुतळ्यासारखे उंच दिसे. भर दिवसा फ्लॅशही वापरीत, म्हणजे आकृती मागच्या पाण्यापासून सुटी होई. म्हणजे अवघडलेपण दाखवावयाचे पण माणसाला खुजे करावयाचे नाही. आमच्या फोटोवाल्याने खाटेशी उभे राहून, वरून खाली कॅमेरा रोखला होता.

१९९४ साली या बाईंनी दोन प्रकारची चित्रे घेतली, ती आम्हांला सर्वांत मोलाची वाटतात. एका बाजूला नुकत्याच बाळंत झालेल्या तीन बाया. एक बाळंतपणानंतर तासाभरात, एक दिवसाने, एक आठवड्याने. साध्या भिंतीपुढे, उघड्या अंगाने उभ्या, तान्हे छातीशी धरलेले. एकीच्या पायावरून रक्ताचा ओघळ आलेला आहे. मातृत्वाची चित्रे आपण देव्हाऱ्यापासून दिनदर्शिकेपर्यंत पुष्कळ पाहतो. त्यांतल्या आयांना पायांवर उभे राहावे लागत नाही. या राहतात. त्या दमलेल्या आहेत, घाबरलेल्या आहेत, आणि बाळाला धरण्याची त्यांची पकड पाहून वाटते की, कोणी ते घ्यावयास आले तर याच अवस्थेत त्या त्याच्याशी दोन हात करतील. दुसऱ्या बाजूला पोर्तुगालमधील बैलझुंजीतले गडी. तेथे काही जण हातात काही न घेता, एकामागे एक उभे राहून, धावत्या बैलाला अंगावर घेतात. ते आखाड्यातून बाहेर पडले की लगेच बाईंनी त्यांना उभे केले. चेहऱ्यावर रक्त, जरीचा अंगरखा फाटलेला, आणि डोळ्यांत शौर्य वगैरे काही नाही. आपण अजून आहोत एवढेच आश्चर्य.

या चित्रांची युक्ती आम्हांला नवी वाटली नाही. संघटनेचे काम करणाऱ्याला ठाऊक असते की, कामगाराशी खरे बोलावयाचे तर पाळीवर जाताना बोलू नये. जाताना तो कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी पुढारी, कोणाचा तरी देणेकरी असतो. तिसरी पाळी सुटते तेव्हा सकाळी सात वाजता फाटकातून जे चेहरे बाहेर येतात, त्यांवर कोणतीच भूमिका नसते. त्या वेळी तो जे सांगेल ते खरे. आणि म्हणूनच त्या वेळी त्याच्याकडून सही घेऊ नये, असेही आमच्या वस्तादांनी आम्हांला शिकविले होते. ते आम्ही दवाखान्यात विसरलो.

रिचर्ड ॲव्हेडॉन या अमेरिकन छायाचित्रकाराचे नाव येथे घेतलेच पाहिजे. फॅशनच्या चित्रांत नाव मिळविलेला हा माणूस १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात हिंडला, ७५२ माणसांना त्याने पांढऱ्या कागदापुढे उभे केले. कोळशाच्या खाणीतले, तेलविहिरींवरचे, कसाईखान्यातले, रस्त्यावर भटकणारे. चित्रे पुरुषभर उंचीची लावली गेली. चेहऱ्यावरची काजळी आणि सुरकुती न् सुरकुती त्यांत दिसते. तथापि आमचे मन तेथे रमत नाही. पांढऱ्या कागदाने खाण नाहीशी होते, मुकादम नाहीसा होतो, पगाराचे पाकीट नाहीसे होते, आणि माणसाचे दुःख जणू त्याच्या कातडीतूनच उगवले आहे असे दिसते. हे आमचे धंदेवाईक पूर्वग्रह असतील. पण त्या कागदापुढे आम्हांला सायकलींच्या जागेतली चादर आठवते, त्याला आमचा इलाज नाही.

डाइकस्ट्राबाईंची आणखी एक मालिका सांगून आटोपते घेतो. १९९४ सालीच त्यांनी हॉलंडमधील लायडन शहरी निर्वासितांच्या केंद्रात एका सहा वर्षांच्या बोस्नियन मुलीचे चित्र घेतले. अल्मेरिसा हे तिचे नाव, मालिकेलाही तेच नाव आहे. युद्धातून पळून आलेले कुटुंब, परका देश. मुलगी चांगले कपडे घालून खुर्चीवर बसली आहे आणि तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. बस्स, एवढेच चित्र. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. एक-दोन वर्षांनी पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या. प्रत्येक वेळी एक खुर्ची आणि त्यावर तीच मुलगी. कपडे बदलत जातात, केस बदलतात, ओठांना रंग येतो, मधल्या काळात बसण्याचा आक्रस्ताळा तोरा येतो, आणि एका चित्रात पाय जमिनीला टेकतात. २००८ च्या चित्रात तिच्या मांडीवर तिचे स्वतःचे मूल आहे. पहिले चित्र एकटेच राहिले असते तर ती जन्मभर ‘निर्वासित मुलगी’ राहिली असती, जशी थॉम्पसनबाई जन्मभर बत्तीस वर्षांची राहिली. परत जाण्याने हे टळले. थॉम्पसनबाईकडे बेचाळीस वर्षे कोणी परत गेले नव्हते. लँग मात्र एकदा वीस मैलांवरून परत आली होती, हे विसरता कामा नये.

हे वाचून झाल्यावर आम्ही त्या प्रेसवाल्या माणसाकडे गेलो. जावयास अठरा वर्षे लागली. तो आता शहराबाहेर मुलीजवळ राहतो. तीच मुलगी, शिक्षिका झाली आहे. आम्ही पत्रकाचा विषय काढला. तो म्हणाला, “जाळ्या बसल्या ना? मग झालं.” मुलगी मात्र आतून काही बोलली नाही, चहा ठेवून गेली. आम्ही त्याला म्हणालो, तुझा एक चांगला फोटो काढू, तुला हवा तसा. त्याने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी निळा सदरा इस्त्री करून आला. स्टुडिओत त्याने उजवा हात डाव्यावर ठेवला, मग काढला, पुन्हा ठेवला. फोटोवाला काही सांगू लागला तेव्हा आम्ही त्याला हाताने खूण करून गप्प बसविले. बराच वेळ गेला. अखेर त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले, आणि फोटोवाल्याला म्हणाला, “काढा.”

तो फोटो त्याच्या घरी आहे. एक प्रत संघटनेच्या कचेरीसाठी मिळावी, असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, “बघू.” अजून मिळालेली नाही.